माहेरच्या नावाचा माग : अकेडियन घराणी शोधत नऊ दिवस

अकेडियन घराण्याचा शोध घ्यायचा तर प्रवास उलट्या बाजूनं करावा. हद्दपारी जिथं झाली त्या ग्राँ-प्रेच्या चर्चपाशी सुरुवात करायचा मोह सगळ्यांनाच होतो. पण तिथून पुढं यायला निघालेला माणूस हमखास भलत्याच जोसेफच्या मागं लागतो, कारण त्या मुलखात जोसेफ, पिएर, जाँ आणि मारी पैशाला पासरी. आजच्या माणसापासून एकेक पिढी मागं गेलं तरच वाट चुकत नाही. म्हणून हा मार्ग कॅनडातल्या नोव्हा स्कोशिया प्रांताच्या पश्चिम किनाऱ्यावर सुरू होतो, समुद्र ओलांडून बॉस्टनला जातो आणि मग माघारी वळून जुन्या गावांपाशी येतो.

आधी थोडी पार्श्वभूमी. १६०५ मध्ये फ्रेंचांनी पोर-रोयाल वसवलं. त्याच्या आसपास वाढलेली शेतकरी वस्ती म्हणजे अकेडियन. १७१३ च्या उत्रेख्तच्या तहानं त्यांचा मुख्य मुलूख ब्रिटिशांकडं गेला. राजनिष्ठेच्या शपथेवरून, म्हणजे युद्धात शस्त्र उचलणार की नाही यावरून, चाळीस वर्षं घोळ चालला. २८ जुलै १७५५ रोजी हॅलिफॅक्सच्या कौन्सिलनं या लोकांना मुळासकट उपटून इतर ब्रिटिश वसाहतींत विखरून टाकायचं ठरवलं. पानिपतच्या सहा वर्षं आधीची ही गोष्ट. १७६३ पर्यंत सुमारे चौदा हजारांतले दहा हजारांहून अधिक लोक देशोधडीला लागले. घरं जाळली, गुरं जप्त झाली आणि बऱ्याच गावांची चर्चची रजिस्टरं कायमची हरवली.

तरीही या लोकांची वंशावळ लागते, आणि ती लागते बायकांमुळं. फ्रेंच कॅथलिक नोंदीत स्त्री जन्मापासून दफनापर्यंत माहेरच्याच आडनावानं ओळखली जाते. आपल्याकडं लग्नात आडनाव बदलतं, कधी कधी पहिलं नावही, आणि पाचव्या पिढीतल्या आजीचं माहेर कुणालाच सांगता येत नाही. तिथं उलट आहे. उदाहरणादाखल दूसे हे आडनाव घेऊ. पिएर दूसे नावाचे चार जण सापडतील, पण अमुकची मुलगी मार्गरीत हिचा नवरा पिएर दूसे एकच.

निघण्याआधी

प्रत्येक जोडप्यासाठी एक कार्ड करावं. त्यावर नवरा, बायको (माहेरच्या आडनावासह), दोघांचे आईवडील, लग्नाची तारीख, गाव, साक्षीदार आणि नात्यातल्या लग्नासाठी घेतलेली चर्चची सूट एवढं लिहावं. एकट्या माणसाचं कार्ड करू नये. माणूस सापडला आणि जोडपं सापडलं नाही, तर काहीच सापडलं नाही असं धरून चालावं.

अलीकडच्या पिढ्या घरबसल्या होतात. नोव्हा स्कोशियात लग्नांची सरकारी नोंद १८६४ पासून आहे आणि तिच्यात वधूवरांच्या आईवडिलांची नावं मिळतात. जन्ममृत्यूच्या नोंदी १८६४ ते १८७७ पर्यंत आहेत, मग थेट ऑक्टोबर १९०८ पासून. मधल्या तीस वर्षांत चर्चच्या वह्या आणि दर दहा वर्षांची खानेसुमारी यांच्यावर भागवावं लागतं. खानेसुमारीत मात्र बायको नवऱ्याच्या आडनावाखाली येते, तेव्हा तिथलं नाव कार्डावर पेन्सिलीनं लिहावं आणि चर्चची नोंद मिळाली की पक्कं करावं.

आडनावांच्या रूपांची एक यादी खिशात हवी. दूसेचं नोव्हा स्कोशियात दुसेट होतं. थिबोडो, बूद्रो ही नावं अमेरिकेतल्या लुइझियानात, जिथं काही हद्दपार पुढं जाऊन वसले, वेगळ्या शेपटीनं लिहिली जातात. काही नावांचं चक्क भाषांतर झालं : लेब्लाँचा व्हाइट, रुआचा किंग, आणि प्रिन्स एडवर्ड बेटावर ओक्वाँचा वेज, कारण फ्रेंचमध्ये 'क्वाँ' म्हणजे पाचर. शिवाय 'दी' लावून जोडलेली टोपणनावं असतात. आपल्याकडच्या 'ऊर्फ'सारखीच ती, फक्त पुढच्या पिढीत ऊर्फच आडनाव होऊन बसायचा धोका अधिक.

भारतीय पासपोर्ट असेल तर कॅनडाचा आणि अमेरिकेचा असे दोन वेगळे व्हिसा लागतात. भाड्याची गाडी सीमेपार न्यायची परवानगी कंपनीकडून लेखी घ्यावी. यार्मथ ते बार हार्बर ही वेगवान फेरीबोट फक्त हंगामात असते आणि रोजच असते असं नाही, त्यामुळं तिच्या तारखा आधी ठरवाव्यात आणि बाकीचा प्रवास त्याभोवती बसवावा.

दिवस पहिला : हॅलिफॅक्स ते पॉइंट-द-लेग्लीज

अंतर अडीचशे किलोमीटरहून थोडं जास्त. १०१ क्रमांकाचा महामार्ग डिग्बीपर्यंत चांगला आहे. डिग्बी ओलांडल्यावर महामार्ग सोडून किनाऱ्याच्या जुन्या रस्त्याला लागावं. इथून सेंट मेरीज बे सुरू होतो. फ्रेंचमध्ये बे सेंत-मारी. घरांवर निळा-पांढरा-लाल अकेडियन झेंडा आणि त्यात पिवळा तारा दिसू लागतो. गावामागून गाव असं एका ओळीत चाललंय, मध्ये शीव म्हणून नाही. हद्दपारीहून परतलेल्यांना जुनी सुपीक जमीन मिळाली नाही. ती तोवर न्यू इंग्लंडहून आणलेल्या वसाहतवाल्यांना वाटून झाली होती. परतलेल्यांच्या वाट्याला हा खडकाळ किनारा आला आणि शेतकरी मासेमार झाले.

सेंत-मारी चर्चचा लाकडी मनोरा लांबूनच दिसतो. १९०३ ते १९०५ दरम्यान बांधलेला, उंची ५६ मीटर. वाऱ्यानं हलू नये म्हणून तळात सुमारे चाळीस टन दगड भरलेत. २०१९ अखेर इथली उपासना थांबली.

रात्री जेवायला 'राप्यूर' मागवावी. बटाटे किसून, फडक्यात घट्ट पिळून, निघालेल्या पाण्याच्या जागी तेवढाच किंवा थोडा जास्त उकळता कोंबडीचा रस्सा घालतात. घोटताना ते कुरडईच्या चिकासारखं पारदर्शक होतं. मग मांसाचा थर देऊन भट्टीत दोन-तीन तास. रस्सा उकळता नसेल तर बटाट्याचं सत्त्व शिजत नाही आणि पदार्थ राखाडी, पाणचट राहतो. पहिल्या घासाला सगळ्यांना आवडेल असा हा प्रकार नव्हे.

दिवस दुसरा : सिगोन्यच्या वह्या

गावातच सेंत-आन विद्यापीठ आहे आणि तिथं अकेडियन केंद्र. आठ दिवस आधी कळवून, कोणतं आडनाव आणि कोणतं दशक हवं ते सांगून जावं. 'आमचे पूर्वज शोधायचेत' एवढंच सांगितलं तर अर्धा दिवस गप्पांत जातो.

इथला पाया म्हणजे फादर जाँ-मांदे सिगोन्य यांच्या नोंदी. फ्रेंच राज्यक्रांतीतून निसटून इंग्लंडमार्गे ते १७९९ मध्ये इथं आले. त्याआधीची तीस वर्षं किनाऱ्यावर मुक्कामी पाद्री नव्हता. १७६८ ते १७७३ या काळात आबे बायी नावाचे मिशनरी फिरतीवर येऊन गेले, त्यांची वही शिल्लक आहे. बाकी काळात लोक काय करत? लग्न दोन वडीलधाऱ्यांसमोर लावत आणि मूल जन्मलं की घरातलंच कुणी पाणी शिंपडून नाव ठेवत. पाद्री आला की लग्न पुन्हा विधिवत लावून घेत. नोंदीत यासाठी 'रेआबिलितास्याँ' हा शब्द येतो. तो दिसला की समजावं, ही तारीख लग्नाची नव्हे. खरं लग्न त्याआधी पाच-दहा वर्षांपूर्वीचं असू शकतं, आणि जोडप्याची तीनचार मुलं त्याच आठवड्यात बाप्तिस्म्याला रांगेत उभी असतात. ही तारीख जन्मतारखांशी जुळत नाही म्हणून जोडपंच खोडून टाकणारे अनेक.

वाचताना चारपाच शब्द ओळखता आले की काम होतं. 'फिस द' म्हणजे अमुकचा मुलगा. नावाआधी 'फ्यो' असेल तर तो माणूस नोंदीच्या दिवशी हयात नव्हता. 'पारँ' आणि 'मारेन' हे धर्मपिता-धर्ममाता, आणि ते बहुतेकदा मामा, मावशी, काका यांच्यातलेच असतात. 'ओंद्वाये' म्हणजे पाद्रीविना घरी केलेला बाप्तिस्मा. अक्षर न लागल्यास त्याच हातानं लिहिलेली आधीची दहा पानं बघावीत, पाद्रीची अक्षरओळख तिथंच होते. १८२० च्या सप्टेंबरात मोठी आग लागून इथलं चर्च जळालं, हेही ध्यानात ठेवावं.

दिवसाचा खरा ऐवज म्हणजे नात्यातल्या लग्नाची सूट. आपल्याकडं मामाची मुलगी चालते पण सगोत्र चालत नाही. चर्चचा हिशेब वेगळा : ज्यांचे आजोबा-आजी एक, ते दुसऱ्या पायरीचे नातलग. पणजोबा एक असतील तर तिसरी पायरी, खापरपणजोबा एक असतील तर चौथी. चौथ्या पायरीपर्यंतच्या लग्नाला परवानगी लागे आणि पाद्री पायरी लिहून ठेवी. हद्दपारीतून परतलेल्या मोजक्या कुटुंबांत अशी लग्नं अटळच होती. 'तिसऱ्या ते चौथ्या पायरीची सूट' असं लिहिलं असेल, तर एकाच्या पणजोबा-पणजीचं जोडपं दुसऱ्याच्या खापरपणजोबांच्या पिढीत सापडायला हवं. पणज्यांची जोडपी चार, खापरपणज्यांची आठ. म्हणजे एका बाजूनं बत्तीस तुलना, दुसऱ्या बाजूनं आणखी बत्तीस. कागदावर तासाभराचं काम. सामायिक जोडपं निघालं नाही तर वंशावळीत कुठंतरी चुकीची आई किंवा चुकीचा बाप बसलाय, किंवा एक घर रिकामं आहे. रजिस्टर जळालं असलं तरी पाद्रीनं लिहिलेली ही पायरी हरवलेल्या पिढीबद्दल साक्ष देते. पायऱ्या मोजताना पाद्रीचीही चूक होते, पण वंशावळ मांडणाऱ्यापेक्षा कमी वेळा.

दिवस तिसरा : पब्निको

यार्मथ ओलांडून आणखी पाऊण तास. इथल्या दान्त्रमाँ घराण्याचं मूळ फिलिप म्यूस दान्त्रमाँ यांच्यापाशी जातं. १६५३ मध्ये त्यांना या भागाची जहागीर मिळाली. हद्दपार होऊन पुन्हा जवळजवळ त्याच जागी येऊन राहिलेली घराणी क्वचित, त्यातली ही. मॅसॅच्युसेट्समधून ती १७६६-६७ च्या सुमारास परतली. वेस्ट पब्निकोत संग्रहालय आणि त्याला जोडून संशोधन केंद्र आहे.

पब्निकोकडं येण्याचं कारण दूसे शोधणाऱ्यालाही आहे. हद्दपारी एका दिवशी झाली असं गृहीत धरलं जातं. ती आठ वर्षं चालली. या दक्षिण किनाऱ्यावरचे लोक १७५५ मध्ये सुटले आणि एप्रिल १७५६ मध्ये जेडिडाया प्रेबल या अधिकाऱ्यानं पोर्ट ला तूरवर छापा घालून बहात्तर जणांना पकडून बॉस्टनला नेलं. म्हणून मॅसॅच्युसेट्समध्ये नाव सापडलं की ते १७५५ च्याच जहाजातून आलं असं समजू नये. कोणत्या साली पहिल्यांदा दिसतं ते आधी बघावं.

दिवस चौथा : समुद्र ओलांडून

यार्मथ ते बार हार्बर साडेतीन तास. मेन राज्याचं घड्याळ नोव्हा स्कोशियापेक्षा एक तास मागं. तिथून बॉस्टन गाडीनं पाच तास. फळं आणि मांसाचे पदार्थ सीमेवर काढून घेतात, राप्यूरचा डबा सोबत घेऊ नये.

वाटेत वाचायला एक गोष्ट बरोबर असावी : १७५५ च्या जहाजांवर कोण चढलं त्याच्या नावनिशीवार याद्या नाहीत. 'तुमचे पूर्वज अमुक जहाजातून गेले' असं छातीठोक सांगणारी वंशावळ दिसली की पुरावा मागावा. कळतं ते एवढंच की जहाज कुठून निघालं, कुठं पोचलं आणि त्यावर अंदाजे किती जण होते. ॲनापोलिस रॉयलहून ८ डिसेंबर १७५५ रोजी निघालेल्या 'हेलेना'वर ३२३ जण होते, ते बॉस्टनला उतरले. त्याच ताफ्यातल्या 'पेम्ब्रोक'वर २३२ जण होते. त्यांनी वाटेत जहाजच ताब्यात घेतलं आणि सेंट जॉन नदीकडं वळवलं. नियम होता टनाला दोन माणसं. तो सर्रास मोडला गेला. दक्षिणेकडं निघालेली काही जहाजं नोव्हेंबर १७५५ मध्ये वादळामुळं बॉस्टनला शिरली, तेव्हा पाहणी करून जादा माणसं तिथंच उतरवली गेली. म्हणजे जहाज गेलं व्हर्जिनियाला आणि कुटुंब राहिलं बॉस्टनला, असं होऊ शकतं. व्हर्जिनियानं तर आलेल्यांना ठेवूनच घेतलं नाही, पुढच्या वर्षी इंग्लंडला धाडलं. लिव्हरपूल, ब्रिस्टल, साउथॅम्प्टन, फॅल्मथ इथं ते १७६३ पर्यंत अडकून पडले.

दिवस पाचवा आणि सहावा : बॉस्टन

मॅसॅच्युसेट्स राज्य अभिलेखागार शहराच्या दक्षिणेला कोलंबिया पॉइंटवर, केनेडी ग्रंथालयाच्या शेजारी आहे. लाल मार्गाच्या जेएफके/यूमास स्थानकावर उतरावं. आत पेन चालत नाही, पेन्सिल न्यावी.

हवेत ते खंड २३ आणि २४. पाठीवर नाव 'फ्रेंच न्यूट्रल्स', म्हणजे तटस्थ फ्रेंच. यांची छायाचित्रं इंटरनेटवर आहेत, तेव्हा कोरी पाटी घेऊन इथं यायची गरज नाही. घरी पानं चाळून जी लागली नाहीत त्यांचे क्रमांक लिहून आणावेत. दोन दिवसांत चाळीसेक पानं नीट होतात.

खंडांत आहे तरी काय? मॅसॅच्युसेट्सनं या लोकांना गावागावांत वाटून दिलं आणि खर्च सरकारकडून वसूल करायची गावांना मुभा दिली. त्यामुळं गावच्या कारभाऱ्यांनी बिलं पाठवली : अमुक कुटुंबाला घरभाडं, इतकं लाकूड, वैद्याची फी, एक ब्लँकेट. सोबत याद्या, त्यात वयं आणि कोण कामाला धड आहे, कोण आजारी. परवान्याशिवाय गावाची शीव ओलांडली तर शिक्षा होती. मुलं काढून घेऊन इंग्रज घरांत कामाला ठेवल्याबद्दल आईबापांचे फ्रेंचमधले अर्जही याच खंडांत आहेत. वंशावळीसाठी बिलं जास्त कामाची, पण अर्ज वाचल्यावाचून पुढं जाववत नाही.

सगळ्या प्रवासातली नाजूक जागा इथंच. इंग्रज कारकुनानं नाव कानावर पडलं तसं लिहिलंय : दूसेचं डाउसेट, डूसेट, आणखी काय काय. मोठ्यानं वाचावं, डोळ्यांनी लागत नाही ते कानानं लागतं. त्याहून वाईट म्हणजे बायकोच्या जागी नुसतं 'व त्याची बायको'. पहिलं नाव असलं तर असलं, माहेरचं जवळजवळ कधीच नाही. ज्या दोरीला धरून आपण इथवर आलो तीच या दहा वर्षांत तुटते. तेव्हा मुलांची नावं धरावीत. १७५५ आधीच्या बाप्तिस्म्यांतली मुलांची ओळ आणि इथल्या यादीतली ओळ शेजारी मांडावी. लागोपाठची तीन नावं त्याच क्रमानं असतील आणि वयं दोन वर्षांच्या फरकानं जुळत असतील, तर कुटुंब तेच. दोनच जुळली तर थांबावं, कारण सगळ्याच घरांत मारी आणि जोसेफ आहेत.

नेहमी होणाऱ्या दोन चुका. कुटुंब एका गावातून दुसऱ्या गावात हलवलं की दोन्ही गावांच्या बिलात येतं आणि एकाची दोन कुटुंबं होतात. तारीख बघितली की उलगडतं. दुसरी चूक म्हणजे कामाला ठेवलेली मुलं. ती आईबापांच्या यादीतून गायब होतात म्हणून मेली असं धरतात. कॅप्टन पिएर दूसे यांचं उदाहरण घ्या. १७५० मध्ये ॲनापोलिस रॉयलला जन्म, लहानपणी मॅसॅच्युसेट्समध्ये, आणि पुढं जहाजाचे कप्तान होऊन बे सेंत-मारीला स्थायिक. मधली वर्षं इंग्रजी बंदरांत गेलेला माणूस फ्रेंच कागदांत कुठून दिसणार?

पुढच्या काठासाठी दोन याद्या पुलासारख्या आहेत. ऑगस्ट १७६३ मध्ये फ्रान्सला जाऊ इच्छिणाऱ्या मॅसॅच्युसेट्समधल्या कुटुंबांची यादी झाली, आणि जून १७६६ मध्ये कॅनडाला जाऊ इच्छिणाऱ्यांची. नाव असलं म्हणजे माणूस गेलाच असं नव्हे, पण त्या साली तो जिवंत होता आणि घरात इतकी माणसं होती, एवढं पक्कं.

आणि एक आडवाट. इंग्लंडमार्गे फ्रान्सला पोचलेली ७८ कुटुंबं १७६५ मध्ये ब्रिटनीच्या किनाऱ्याजवळच्या बेल-ईल बेटावर वसवली गेली. रजिस्टरं हरवली म्हणून १७६७ च्या सुरुवातीला त्यांच्याकडून शपथेवर वंशावळी सांगून घेतल्या, थेट फ्रान्सहून आलेल्या मूळपुरुषापर्यंत. नाशिक-त्र्यंबकच्या उपाध्यायांच्या वहीत लिहून ठेवावं तसंच, पण सगळं एका दमात आणि तोंडपाठ. आपलं कुटुंब मॅसॅच्युसेट्सला गेलं असलं तरी एखादा चुलत भाऊ बेल-ईलवर असतोच, आणि त्याचा पणजोबा तोच आपला पणजोबा. जवळच्या दोन पिढ्यांबद्दल या जबान्या भरवशाच्या, मूळपुरुषाच्या गावाबद्दल मात्र ऐकीव.

दिवस सातवा

परतीची फेरी. यार्मथहून ॲनापोलिस रॉयल दीड तास.

दिवस आठवा : ॲनापोलिस रॉयल

हेच जुनं पोर-रोयाल. इथल्या सेंत-जाँ-बातिस्त चर्चची १७०२ ते १७५५ ची रजिस्टरं शिल्लक राहिली. मूळ वह्या हॅलिफॅक्सच्या अभिलेखागारात आहेत आणि पानं नावानिशी शोधता येतात. हद्दपारीच्या अलीकडं-पलीकडं दोन्हीकडं कागद असलेलं दुसरं ठिकाण शोधून सापडणं कठीण. पिझिकी आणि कोबेकी गावच्या वह्या गेल्या. बोबास्साँच्या अर्ध्यामुर्ध्या उरल्या, त्यातल्या काही फ्रान्समध्ये ला रोशेलला आहेत. ग्राँ-प्रेच्या लोकांनी आपल्या वह्या बरोबर नेल्या आणि १७०७ ते १७४८ चा भाग आज लुइझियानात बॅटन रूजच्या धर्मप्रांताकडं आहे. अंगावरच्या कपड्यांनिशी निघालेल्या माणसांनी गाठोड्यात जन्ममृत्यूची वही बांधली, ती जपली.

तारखांचा एक पेच इथं सुटतो. सप्टेंबर १७५२ पर्यंत ब्रिटिश जुनी दिनदर्शिका वापरत, फ्रेंच पाद्री नवी. फरक अकरा दिवसांचा, आणि ब्रिटिशांचं वर्ष २५ मार्चला सुरू होई. किल्ल्याच्या कागदात आणि चर्चच्या वहीत एकच घटना दोन तारखांना दिसली तर दोन घटना मानू नयेत.

१७०२ च्या मागं खानेसुमाऱ्या आहेत. पहिली १६७१ ची, फादर लोराँ मोलाँ यांनी घरोघर जाऊन केलेली, जेमतेम चारशे माणसांची. तीत बायकांची माहेरची आडनावं, मुलांची वयं, गुरं, मेंढ्या आणि लागवडीखालची जमीन आहे. पिंप करणारा पिएर लानू यानं निरोप धाडला की मी मजेत आहे, वय सांगणार नाही. एत्येन रोबिशो घरातून निघून गेला आणि गुरांचा आकडा सांगू नको असं बायकोला बजावून गेला. कर बसणार या भीतीनं आकडे चोरणं आपल्याला नवं नाही. म्हणून गुरांच्या आकड्यावरून श्रीमंती मोजू नये. १६८६ च्या गणतीत मुलांची वयं आहेत, १७०३ आणि १७०७ मध्ये मात्र कुटुंबप्रमुख आणि मुलामुलींची नुसती संख्या.

१६७१ मध्ये दूसे दोन घरी सापडतात. गवंडी पिएर, पन्नाशीचा, बायको आंरिएत पेल्त्रे. शेतकरी जेर्मँ, तिशीचा, बायको मारी लाँद्री. दोघं भाऊ असं पिढ्यान्‌पिढ्या लिहिलं गेलं. अलीकडं दोन्ही शाखांच्या पुरुष वंशजांची डीएनए तपासणी झाली तेव्हा पिएरची शाखा युरोपीय निघाली आणि जेर्मँची अमेरिकेच्या मूलनिवासी पुरुषरेषेची. म्हणजे जेर्मँ त्याच बापाचा औरस मुलगा नव्हता, बहुधा दत्तक किंवा मानलेला. कागदावरचं 'मुलगा' आणि रक्ताचं 'मुलगा' यांत अंतर असतं, हे अशा ठिकाणी स्वीकारून पुढं जावं. मात्र स्त्रीपुरुष दोन्हीकडून येणारा साधा डीएनए या समाजात फसवतो. सगळेच सगळ्यांचे पाच-सहा वाटांनी चुलत, त्यामुळं जुळणी वाजवीपेक्षा जवळची दिसते.

दुपारी नदीकाठच्या मेलाँसाँ वस्तीवर जावं. घरांचे चौथरे गवताखाली उंचवट्यासारखे दिसतात. तिरपं ऊन असताना जास्त. त्याच रस्त्यानं पुढं गेलं की १९३९-४० मध्ये पुन्हा उभारलेली पोर-रोयालची 'आबितास्याँ', म्हणजे पहिल्या फ्रेंच वसाहतवाल्यांचा वाडा. छान आहे, पण वंशावळीसाठी तिथं काही नाही.

दिवस नववा : ग्राँ-प्रे आणि विंडसर

कोकणातल्या खारभूमीची किंवा गोव्याच्या खाजणाची ओळख असलेल्याला ग्राँ-प्रेचं शेत बघताच कळतं. शेजारच्या मिनास बेसिन या आखातात भरती-ओहोटीचा फरक सोळा मीटरपर्यंत जातो. अकेडियनांनी खाऱ्या गवताच्या मुळांनी बांधलेल्या मातीच्या विटा कापून बांध घातले आणि त्यात 'आबुआतो' बसवला : पोकळ केलेला ओंडका, आत लोंबती झडप. ओहोटीला शेतातलं पाणी झडप ढकलून बाहेर जातं, भरतीला समुद्रच ती दाबून बंद करतो. आपल्याकडं याला उघाडी म्हणतात, गोव्यात मानस. मीठ पावसानं आणि बर्फानं धुऊन निघायला दोन-तीन वर्षं. झडपेत काटकी अडकली तरी एका भरतीत शेत खारं होतं, म्हणून बांधाची राखण सगळ्या घरांनी मिळून करायची. वस्ती एकमेकांत लग्नं करून एवढी घट्ट का विणली गेली, याचं निम्मं उत्तर या बांधात आहे.

५ सप्टेंबर १७५५ रोजी दुपारी तीन वाजता जॉन विन्स्लो या लष्करी अधिकाऱ्यानं इथल्या चर्चमध्ये ४१८ पुरुष आणि मुलग्यांना बोलावून हुकूम ऐकवला. आजचं चर्च १९२२ चं स्मारक आहे. विन्स्लोनं केलेली यादी मात्र अस्सल : कुटुंबप्रमुख, मुलगे, मुली, बैल, गाई, मेंढ्या, डुकरं, घोडे. बायकांची नावं नाहीत. पण यादीत गाव दिलंय, आणि गावाला बहुतेकदा घराण्याचंच नाव, त्यामुळं एकाच नावाचे दोघं वेगळे करता येतात.

पंचवीस किलोमीटरवर विंडसर, जुनं पिझिकी. फोर्ट एडवर्डचं लाकडी ठाणं १७५० चं, कॅनडात उभं असलेलं या प्रकारचं सगळ्यात जुनं. रानात लपलेले आणि नंतर पकडलेले अकेडियन इथं कैदेत होते. नोव्हेंबर १७५९ च्या वादळात ग्राँ-प्रेचे बांध फुटले. नव्या मालकांना ते दुरुस्त करता येईनात, तेव्हा हे काम याच कैद्यांकडून करून घेतलं. १७६१-६२ मध्ये कैद्यांना दिलेल्या शिध्याच्या याद्या शिल्लक आहेत, हॅलिफॅक्सच्या अभिलेखागारात आयझॅक डेशाँच्या कागदांत. कुटुंबप्रमुखाचं नाव आणि किती जणांचा शिधा, एवढंच. जे मॅसॅच्युसेट्सला गेलेच नाहीत त्यांच्यासाठी बॉस्टनच्या खंडांच्या जागी या याद्या वापराव्यात. महिन्यामहिन्याला शिधा एकानं वाढला असेल तर घरात मूल जन्मलं किंवा म्हातारी आई येऊन मिळाली. घटला तर पुढच्या महिन्याची यादी बघून ठरवावं.